'बॅच' म्हणजे घाणा, आधण की नुसताच लॉट?

पडताळा :
नमस्कार. तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका इंग्रजी पुस्तकातील प्रकरण मी सध्या मराठीत आणत आहे. प्रकरण कारखान्यांतील उत्पादनपद्धतींचे आहे. त्यात चार मुख्य प्रकार आहेत: गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे एकेक वस्तू घडवणारी 'जॉब' पद्धत, ठरावीक संख्येने एक वस्तू काढून झाली की तीच यंत्रे दुसऱ्या वस्तूसाठी लावून घेणारी 'बॅच' पद्धत, एकच वस्तू लाखांनी काढणारी 'लाइन'ची पद्धत, आणि सिमेंट किंवा पेट्रोल यांसारखा माल रात्रंदिवस काढत राहणारी अखंड पद्धत. 'बॅच'साठी मी 'घाणा' हा शब्द योजला आणि तिथेच अडले. संपादकांनी तो खोडून 'गट उत्पादन' असे केले. 'घाणा' वाचून विद्यार्थ्यांना घाण आठवेल, असे त्यांचे म्हणणे आहे. मला मात्र 'गट उत्पादन' म्हटले की महिला बचत गटाचे पापड आणि लोणचीच डोळ्यांपुढे येतात. दिवाळीत चकल्या तळताना आई म्हणत असे की पहिला घाणा बिघडला तर दोष भाजणीचा आणि दुसरा बिघडला तर करणारणीचा. या वाक्यात 'बॅच'ची सगळी कल्पना आहे, असे मला वाटते. जाणकारांनी मत द्यावे. प्रकरण पुढच्या आठवड्यात द्यायचे आहे.

दीर्घ ऊकार :
संपादकांचा आक्षेप मला रास्त वाटतो, मात्र त्यांचा पर्याय पटत नाही. शास्त्रीय परिभाषेतील शब्दापासून पुढचे शब्द घडवता आले पाहिजेत. 'पुंज' घेतला तर पुंजोत्पादन, पुंजक्रमांक, पुंजाकार अशी सरळ मालिका तयार होते. 'घाणा' घेऊन आपण काय करणार? संधी केला तर 'घाणोत्पादन' होईल, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाखेरीज त्याचा उपयोग कोणालाही होणार नाही. शिवाय स्वयंपाकघरातील शब्द यंत्रशाळेत नेल्याने विषयाचे गांभीर्य कमी होते, हेही विसरू नये.

कढईकाठी :
दीर्घ ऊकार यांनी संस्कृतचा संधी मराठी शब्दाला लावून दाखवला आणि नंतर त्याच शब्दाला हसले, हे काही बरोबर नाही. मराठीत 'घाणेवार उत्पादन' म्हणता येते, 'घाणा क्रमांक' म्हणता येतो, आणि कोणाचेही नाक मुरडले जात नाही. पुल्लिंगी घाणा वेगळा आणि घ्राणापासून आलेली स्त्रीलिंगी घाण वेगळी. जुन्या कोशांत घाण्याचे तेल गाळण्याचे यंत्र आणि एका वेळी घालायचे प्रमाण हे दोन्ही अर्थ सापडतात.

स्वयंपाकघराबद्दल म्हणाल, तर इंग्रजीतील 'बॅच' तरी कोठून आला? भाजण्याच्या 'बेक' या क्रियापदापासून. एका वेळी भट्टीत जेवढे पाव भाजले जातात ती बॅच. म्हणजे इंग्रजांनी पावाच्या भट्टीतला शब्द उचलून औषधांच्या आणि मोटारींच्या कारखान्यात नेला, तेव्हा त्यांचे गांभीर्य कमी झाले नाही. टोयोटाच्या कारखान्यात माल मागवण्यासाठी जे कार्ड वापरतात त्याला 'कानबान' म्हणतात, आणि जपानी भाषेत कानबान म्हणजे दुकानावरची पाटी. जगभरच्या व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके हा पाटीचा शब्द आदराने छापतात. आपल्याला मात्र आपली कढई खटकते.

पंचगंगेकाठचा :
कढईकाठी यांच्या मुद्द्याशी सहमत असूनही 'घाणा' या शब्दाला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण निराळे आहे. आमच्याकडे कोल्हापूर भागात घाणा म्हणजे ऊस पिळण्याचे यंत्र. पूर्वी ते बैलांवर चालायचे, आता इंजिनावर किंवा विजेवर चालते, पण नाव तेच राहिले आहे. गुऱ्हाळावर वाढलेल्या मुलाला 'एक घाणा माल' म्हटले तर त्याला काहीच अर्थबोध होणार नाही, कारण घाण्यातून रस एकसारखा पडत असतो. तुमच्या पुस्तकाच्या भाषेत सांगायचे तर आमचा घाणा अखंड पद्धतीचा आहे. 'बॅच' सुरू होते ती त्याच्या पुढे, काहिलीत. काहील रसाने भरून चुलवाणावर चढवली, खाली चिपाडांचा जाळ लावला, भेंडीचे पाणी घालून वर आलेली मळी काढली, गुळव्याने पाक थंड पाण्यात टाकून गोळी होते का ते पाहिले आणि काहील वाफ्यात ओतली, म्हणजे एक आधण पुरे झाले. गुळव्याचे कसब, मजुरांचे काम आणि दिवसाचा हिशेब हे सगळे आधणावर मोजतात. एका आधणाचा गूळ काळपट आला म्हणून पुढच्या आधणाचा तसा येत नाही, आणि दोन आधणांचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, एकत्र करू नयेत हे मला वडिलांनी लहानपणीच बजावले होते. औषधाच्या पट्टीवर बॅच क्रमांक छापतात तो याच कारणासाठी ना? तेव्हा शब्द हवा असेल तर 'आधण' घ्यावा.

कढईकाठी :
आमच्या घरी आधण म्हणजे भातासाठी चुलीवर ठेवलेले पाणी. तांदूळ वैरण्याच्या आधीचे. पुण्यातला विद्यार्थी 'आधण उत्पादन' वाचून गरम पाण्याचा बंब शोधू लागेल.

पंचगंगेकाठचा :
आणि कोल्हापुरातला विद्यार्थी 'घाणेवार उत्पादन' वाचून बैल शोधू लागेल. पुस्तक केवळ पुण्यासाठी छापले जात आहे का, याचा खुलासा धागाकर्तीने करावा.

निवृत्त प्रेसशॉप :
मी चिंचवड परिसरात पत्रा दाबण्याच्या प्रेसवर एकतीस वर्षे काढली आहेत. आपण सर्व जण भांड्याकडे पाहत आहात, पण पडताळाताईंच्या पुस्तकातील 'बॅच' भांड्यात मावणारी नाही. कढई, काहील, कुंभाराचा आवा, ओतशाळेतील भट्टी या ठिकाणी सगळा माल एकाच वेळी, एकत्र तयार होतो आणि त्याचे प्रमाण भांडे ठरवते. प्रेसवर तसे काहीच होत नाही. तेथे वस्तू एकामागून एकच निघते, अगदी लाइनवर निघावी तशी. तरीही तिला बॅच पद्धत म्हणतात, कारण पाचशे नग काढून झाले की डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी ठोकळा, उतरवून दुसरी डाय चढवावी लागते. आमच्या वेळी मोठ्या प्रेसवर या खटाटोपात अर्धी पाळी जात असे. अर्धी पाळी घालवून डाय चढवल्यावर पन्नास नग काढून ती उतरवणे कोणाला परवडेल? म्हणून महिनाभर पुरेल एवढा माल एकदम काढून ठेवायचा, मग त्याला जागा लागते, तो गंजतो आणि त्यात पैसा अडकतो. येथे प्रमाण भांडे ठरवत नाही, ते डाय बदलायला लागणारा वेळ ठरवतो. जपानमध्ये शिगेओ शिंगो या अभियंत्यांनी १९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसवर नेमका हाच वेळ धरला. आधी चार तास लागत होते, ते दीड तासावर आणले आणि शेवटी तीन मिनिटांवर. प्रेस चालू असतानाच पुढची डाय बाजूला तयार ठेवायची आणि प्रेस थांबल्यावर जे करावेच लागते तेवढेच तेव्हा करायचे, हे त्यातले मर्म. वेळ तीन मिनिटांवर आल्यावर महिन्याचा साठा करून ठेवण्याचे कारणच उरत नाही आणि बॅच लहान होत जाते. कढई कितीही चपळाईने पुसली तरी घाणा लहान होत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की इंग्रजीने दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या आहेत, आणि आपण अनुवाद करताना तो घोटाळा इमानाने उतरवून घेण्याचे कारण नाही. पहिलीला घाणा म्हणा किंवा आधण म्हणा. दुसरीला शॉपमध्ये आम्ही 'लॉट' म्हणत होतो. 'लॉट लागला', 'लॉट संपला' असे बोलले की सर्वांना समजत असे.

दीर्घ ऊकार :
भेद उत्तम दाखवलात, परंतु शेवटी 'लॉट'वर येऊन थांबलात याचे वाईट वाटले. पुंज नको असेल तर 'फेरा' का नको?

निवृत्त प्रेसशॉप :
'फेरा' वाईट नाही. पण आमच्याकडे फेरा म्हणजे टेम्पोचा.

गाळप हंगाम :
साखर कारखान्यात प्रयोगशाळेत काम केले असल्यामुळे थोडी भर घालतो. अखंड आणि घाणेवार हे कारखान्यांचे प्रकार आहेत असे पुस्तके शिकवतात, तेव्हा विद्यार्थ्यांचा असा समज होतो की कारखाना एक तर या जातीचा असतो नाहीतर त्या जातीचा. प्रत्यक्षात साखर कारखान्यात हे दोन्ही एकाच छपराखाली नांदतात. गाळप हंगामात ऊस मिलमध्ये रात्रंदिवस जातो, रस वाहत राहतो, तापवण्याचे आणि आटवण्याचे कामही अखंड चालते. निर्वात पॅनवर, म्हणजे हवा काढून घेतलेल्या पाक उकळण्याच्या बंद भांड्यावर, मात्र हा ओघ तुटतो. पॅनमध्ये पाक घ्यायचा, त्यात बारीक दाणा सोडायचा, पॅनमनने काचेवर थेंब घेऊन दाणा कसा वाढतो ते पाहत राहायचे, आणि दाणा पुरेसा झाला की पॅन सोडायचा. एकेक पॅन म्हणजे सरळ सरळ एकेक आधण आहे. मागून रस थांबत नाही आणि पुढे पॅन मोकळा व्हायला वेळ लागतो, म्हणून मध्ये टाक्या ठेवाव्या लागतात. एका पद्धतीतून दुसरीत जाताना साठवणीची जागा लागतेच, ही गोष्ट मला कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक शिकवून गेली. शब्दाबद्दल माझा आग्रह नाही. आम्ही नुसते 'पॅन' म्हणत होतो: 'आज किती पॅन झाले?'

पडताळा :
सर्वांचे मनापासून आभार. निवृत्त प्रेसशॉप यांचा भेद वाचून मी प्रकरण पुन्हा वाचले. पुस्तकात बिस्किटांची भट्टी आणि नटबोल्टांचा कारखाना ही दोन्ही उदाहरणे एकाच परिच्छेदात दिलेली आहेत. म्हणजे मूळ लेखकालाही हा प्रश्न पडलेला नाही. तेथे दोन शब्द वापरले तर संपादक विचारतील की इंग्रजीत एकच आहे, मग मराठीत दोन कशाला. आणखी एक अडचण आता सुचली म्हणून विचारते. 'असेंब्ली लाइन'ला मी 'जुळणी-रांग' केले आहे, ते चालेल का?

कढईकाठी :
रांगेत माणसे उभी राहून पुढे सरकतात. फोर्डने १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात केले ते याच्या बरोबर उलट होते. माणसे जागच्या जागी उभी राहिली आणि मोटारीचा सांगाडा त्यांच्यापुढून सरकत गेला, म्हणून तर एका सांगाड्याच्या जुळणीचे साडेबारा तास दीड तासाच्या आसपास आले. रांग शब्दाने रेशनचे दुकान आठवते. 'ओळ' घ्या, ती निदान उभीच असते.

भोंगा :
माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते, त्या नात्याने लिहितो. गिरणगावाने परिभाषा समिती नेमली नव्हती. सूत कातण्याच्या यंत्राच्या इंग्रजी 'थ्रॉसल' या नावाचे त्रासन झाले आणि त्या विभागाला त्रासन खाते म्हणू लागले. मागाला मात्र साचा म्हणाले, म्हणजे आपलाच शब्द नवीन कामाला लावला. एका ठिकाणी उसना आणि दुसऱ्या ठिकाणी घरचा, आणि दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या चालले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा हे शब्द चुकीचे होते म्हणून गेले नाहीत, काम गेले म्हणून गेले. पुंज आणि घाणा यांत कोण टिकणार हे पुस्तक ठरवणार नाही. ते शब्द घेऊन मुले ज्या शॉपमध्ये जातील तेथला सुपरवायझर ठरवेल, आणि तो 'बॅच'च म्हणेल.

दीर्घ ऊकार :
मग अनुवाद करायचाच कशाला? 'यंत्रमाग' हा शब्द घडवलेलाच होता ना? इचलकरंजीत आज लहान मूलही तो बोलते. घडवलेले शब्द रुजत नाहीत, हा आपला आवडता समज आहे.

भोंगा :
यंत्रमाग रुजला, कारण 'माग' आधीपासून घरोघर होता. आपल्या 'पुंजा'खाली तसे काय आहे?

पंचगंगेकाठचा :
विषयांतर होत आहे याची जाणीव असूनही एक शंका. साचा म्हणजे आमच्याकडे ज्यात गूळ भरतात ते, आणि ओतशाळेतही साचाच म्हणतात. मागाला साचा म्हणणे हा मुंबईतला अपभ्रंश असावा.

भोंगा :
अपभ्रंश कशाचा? जे कापड काढते तो साचा. माझ्या वडिलांनी चार साचे सांभाळले, त्यांतल्या एकातही गूळ भरलेला नव्हता.

निवृत्त प्रेसशॉप :
आम्ही डायलाही साचा म्हणत असू, पण फक्त ती तुटली की. चालू असेपर्यंत ती डाय.