टेबलावरच्या जुन्या अमेरिकन फोटोंवर गिऱ्हाइकं नाराज. काय काढावं, कसं काढावं?

बर्गर_जुळे_सोलापूर
जुळे सोलापुरात अमेरिकन पद्धतीचं बर्गरचं हॉटेल आहे. १२ टेबलं, प्रत्येकी ४ बाय २ फूट. प्लायवर जुन्या अमेरिकन पेपरांतले फोटो चिकटवून वर २ मिमी इपॉक्सी रेझिन ओतलंय. सजावट तयार सेटमध्ये आली. रिव्ह्यूंत जेवणाला नावं नाहीत, पण तिघांची तक्रार एकच आहे: एका टेबलावरच्या फोटोत गर्दी आणि मधोमध फाशी दिसते. शिवाय काउंटरमागे लाल झेंडा आहे, निळी फुली आणि पांढरे तारे असलेला. हे खरंच इतकं गंभीर आहे का? आणि टेबल न बदलता रेझिनखालचा फोटो काढता येतो का?

जुनी_कात्रणं
गंभीर आहे. ते टेबल आजच गिऱ्हाइकांसमोरून हलवा, बाकीचं नंतर.

अमेरिकेत हुबेहूब हेच घडलंय. मार्च २०१६ मध्ये मिनेसोटातल्या रोझव्हिल इथल्या 'जोज क्रॅब शॅक'मध्ये टेबलात बसवलेला फोटो १८९५ सालच्या टेक्सासमधल्या जाहीर फाशीचा निघाला. फाशी एका कृष्णवर्णीय माणसाची, आणि फोटोवर जेवणाबद्दलचा विनोद छापलेला. जेवायला बसलेल्या कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांच्या ते लक्षात आलं. कंपनीला माफी मागून फोटो काढावा लागला. त्या काळी तिकडे अशा फाशांचे आणि झुंडीने केलेल्या हत्यांचे फोटो पोस्टकार्डं म्हणून विकले जायचे. 'जुनं अमेरिकन' म्हणून फोटो गोळा करणाऱ्याच्या हाती तेही लागतात.

१२ जानेवारी १९३१ ला सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्म्यांच्या गावात फाशीच्या फोटोवर ताट ठेवायचं नसतं, एवढं पुरे.

झेंडा १८६१ ते ६५ च्या यादवीत गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या सैन्याचा आहे. ओळख सोपी: लाल पट, निळी तिरकी फुली, त्यात १३ तारे. आजच्या अमेरिकन झेंड्यावर ५० तारे आणि १३ आडवे पट्टे असतात. २०१५ मध्ये साउथ कॅरोलिनाने तो विधानभवनाच्या आवारातून उतरवला, २०२० मध्ये मिसिसिपीने राज्याच्या झेंड्यातून काढला. शोभेच्या नंबरप्लेटांवरही तो छोटा छापलेला असतो, एकेक प्लेट उतरवून बघा.

'आमच्या मनात तसं नव्हतं' हे उत्तर देऊ नका. 'सॅम्बोज' या अमेरिकन हॉटेलसाखळीचं नाव १९५७ मध्ये दोन मालकांच्या नावांतून जुळवलेलं होतं. पण भिंतींवर चित्रं लावली ती सॅम्बो नावाच्या काळ्या मुलाची आणि वाघांची, आणि तो शब्द तिकडे शिवी होता. हजाराच्या वर शाखा असूनही १९८१ मध्ये दिवाळखोरी आली. कारणं पैशाचीही होती, पण नावाविरुद्धची आंदोलनं गावोगाव झाली.

प्लाय_लॅमिनेट
फोटो उकरायला जाऊ नका. हीट गनने रेझिन मऊ होतं, पण खरवडताना प्लायचा वरचा पापुद्रा सोबत निघतो. झाकणं बरं.

वरून १ मिमी सनमायका लावा. ८० नंबर पॉलिश पेपरने रेझिनची चकाकी पूर्ण घालवा. चकाकी राहिली तिथेच पुढे फुगा येतो. धूळ पुसा, थिनरचा फडका मारा. रबर सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, साधारण १० ते १५ मिनिटं. आपल्याकडच्या मे महिन्यात याहून लवकर वाळतं. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून मधे पातळ पट्ट्या ठेवून सनमायका बरोबर बसवा आणि मधल्या पट्टीपासून एकेक काढत बाहेरच्या बाजूला दाबत जा. शेवटी कडेला पीव्हीसी पट्टी.

फोटोच हवे असतील तर नवं रेझिन ओता. ४ बाय २ ला २ मिमी थर म्हणजे दीड लिटर, वजनात १.६ किलो. कडेने ओघळतं, १.८ धरा. प्रिंट लेझरचीच घ्या, इंकजेटची शाई पसरते. ओतण्याआधी कागदावर पांढऱ्या फेविकॉलचे दोन पातळ हात देऊन पूर्ण वाळवा, नाहीतर रेझिन कागदात मुरून तेलकट डाग पडतात. काम पहाटे करा. उन्हात मिश्रण डब्यातच तापून घट्ट होतं.

बर्गर_जुळे_सोलापूर
एकाच टेबलाला केलं तर वेगळं दिसेल ना? की सगळ्याच भिंती कोऱ्या करून टाकू?

प्लाय_लॅमिनेट
दिसेल. जुनं रेझिन उन्हाने पिवळं पडलेलं असतं. चार टेबलांना एकाच रंगाचा सनमायका लावा आणि ती एका ओळीत ठेवा, मुद्दाम केल्यासारखं वाटेल.

दर्शनी_भिंत
भिंती कोऱ्या करू नका. 'क्रॅकर बॅरल' या अमेरिकन हॉटेलसाखळीने जुन्या वस्तूंनी गच्च भरलेल्या भिंती हलक्या केल्या, ऑगस्ट २०२५ मध्ये लोगोतला पिंपाला टेकलेला म्हातारा काढला. गिऱ्हाइकं इतकी चिडली की त्याच महिन्यात जुना लोगो परत आला आणि सप्टेंबरमध्ये नूतनीकरणही थांबवलं. लोकांचा जीव जुन्या वस्तूंवर असतो. तुमच्याकडे वाईट गोष्टी दोनच आहेत, त्याच काढा. पेट्रोल पंपाच्या पाट्या, ज्यूकबॉक्सची चित्रं खुशाल राहू द्या. नवा फोटो लावताना साल, गाव आणि प्रसंग कळला तरच लावा.

झेंडा भिंतीला चिकटवलेल्या व्हिनाइलचा (प्लास्टिकच्या स्टिकरचा) असेल तर हेअर ड्रायरने गरम करून कोपऱ्यातून, भिंतीला जवळजवळ समांतर ओढा. सरळ आपल्याकडे ओढलं की रंग आणि पुट्टी निघते.

रिव्ह्यू रिपोर्ट करू नका. तक्रार खरी आहे, गूगल काढणार नाही. तिघांना वेगवेगळं उत्तर द्या, पण काम झाल्यावरच: 'तुम्ही दाखवलेला फोटो आणि झेंडा अमुक तारखेला काढला. आम्ही लावण्याआधी तपासायला हवं होतं, चूक आमची. लक्षात आणून दिलंत, आभार.' त्याच दिवशी नव्या टेबलांचे चार-पाच फोटो प्रोफाइलवर चढवा. गिऱ्हाइकांनी टाकलेले जुने फोटो तिथे राहतीलच.