बाबांच्या वहीतली 'बदली' : एआयला किती हात लावू द्यायचा?

गांधीबागेतली मुलगी

माझे बाबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, म्हणजे कापडाच्या मिलमध्ये होते. 1969 ला लागले ते मिल बंद पडेपर्यंत, म्हणजे 2002 पर्यंत. मागच्या वर्षी गेले. कपाटात त्यांची दोनशे पानी वही सापडली, एकशे चाळीस पानं भरलेली. बोलायचे तशीच लिहिली आहे, पूर्णविराम जवळजवळ नाहीतच. वर्षश्राद्धाला घरच्यांपुरत्या पन्नास प्रती छापायच्या असं आम्हा भावंडांचं ठरलं आहे.

मी दिवसभर एका दुकानात हिशेब लिहिते. रात्री बसून वही टाइप केली आणि "शुद्ध आणि वाचनीय कर" म्हणून एका एआय चॅटबॉटला दिली. अकराव्या पानावर बाबांनी लिहिलं आहे :

"भोंगा झाला का माय डबा बांधे म्या पायीच निंगो बदलीवर होतो काम भेटन का नाई गेटावर गेल्यावरच समजे"

त्याचं झालं हे :

"इंग्रजांनी उभारलेल्या त्या भव्य गिरणीत माझी बदली झाली होती. भोंगा वाजताच आई प्रेमाने डबा भरून देत असे आणि मी नव्या उमेदीने पायी निघत असे."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा छान वाटलं, खोटं कशाला सांगू. धाकट्या भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, हे बाबा नाहीत." मग मीही नीट पाहिलं. बाबांची बदली कधीच झाली नव्हती. ते बदली कामगार होते. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी उभं राहायचं, नाहीतर गेटावरून घरी परतायचं. त्या ओळीत नवी उमेद कुठे आहे? काम मिळेल की नाही ही धाकधूक आहे, आणि नेमकी तीच गेली. पुढे "खात्यात जागा झाली" (खातं म्हणजे मिलमधला विभाग) याचं "बँक खात्यात पैसे जमा झाले" झालं. आणि गिरणी! आमच्या घरात कोणी कधी गिरणी म्हटलं नाही, सगळे मिलच म्हणायचे.

पण सगळं मी एकटीनं करायचं म्हटलं तर वर्षश्राद्धापर्यंत होत नाही. शिवाय त्यानं एक काम फार चांगलं केलं. बाबा कायम कधी झाले, याची वहीत दोन ठिकाणी दोन वेगळी सालं आहेत. मी तीनदा वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्यानं लगेच दाखवलं. मग याला कोणतं काम द्यावं आणि कोणतं देऊ नये? कोणी असं काही केलं असेल तर सांगा.

---

सक्करदऱ्याचा

ताई, अजिबात देऊ नका. आहे तसं छापा. घरचेच वाचणार आहेत ना? त्यांना बाबांचा आवाज पाहिजे.

---

जुना मुद्रितशोधक

बेटा, मी तीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली, आता निवृत्त आहे. वरच्या भाऊचं मन मला कळतं, पण "आहे तसं" छापलं तर तुझी नातवंडं दुसऱ्या पानावर थांबतील. पूर्णविराम नसलेलं लेखन डोळ्याला जड जातं.

तुझ्या प्रश्नात दोन कामं एकमेकांत मिसळली आहेत. शब्द बदलणं वेगळं आणि विरामचिन्हं देणं वेगळं. शब्दाला हात लावायचा नाही. विरामचिन्हं तू द्यायची, आणि ती मोठ्यानं वाचून द्यायची. बाबा बोलताना जिथे श्वास घेत, तिथे टिंब. तुझ्या कानात तो श्वास आहे. "भोंगा झाला का माय डबा बांधे. म्या पायीच निंगो. बदलीवर होतो. काम भेटन का नाई, गेटावर गेल्यावरच समजे." बघ, एक अक्षर बदललं नाही आणि माणूस समोर उभा राहिला.

'म्या', 'निंगो', 'भेटन' हे अशुद्ध आहे म्हणून संकोच वाटत असेल तर तो काढून टाक. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 चे, त्यात 1972 ला भर पडली. पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला त्या नियमांतही मोकळीक आहे. तुझ्या वहीत तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच माणूस बोलतो आहे. वऱ्हाडी-नागपुरीतलं 'मले', 'काहून', 'डोया' पाहून यंत्र ते दुरुस्त करायला धावतं. नवे शिकाऊ मुद्रितशोधकही धावत. मी त्यांना पेन्सिल द्यायचो, पेन नाही. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह काढ आणि माझ्याकडे ये, एवढंच सांगायचो. तुझ्या यंत्रालाही पेन्सिलच दे.

आणि ते "इंग्रजांनी उभारलेली" आधी काढ. एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांची. 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, म्हणून ते नाव. नावावरून यंत्र फसलं असावं. बाबांनी न लिहिलेली माहिती त्यांच्या तोंडी घालणं हे चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घापेक्षा कितीतरी वाईट. उद्या तुझ्या मुलांना ते आजोबांचंच म्हणणं वाटेल.

---

अजनीवाला पोट्टा

काकाजींची पेन्सिलची गोष्ट पटली. मी भाषांतराची कामं करतो, रोज हीच साधनं वापरतो, म्हणून थोडं सांगतो.

'बदली' का घसरली? हे मॉडेल प्रचंड मजकूर वाचून, कोणत्या शब्दानंतर काय येण्याचा संभव जास्त, ते शिकलेलं असतं. मराठी बातम्यांत बदली म्हणजे अधिकाऱ्यांची बदली. मिलच्या गेटावरची बदली लिहून ठेवणारे तुमच्या बाबांसारखे किती? त्यात तुम्ही "वाचनीय कर" म्हणालात. ती नवीन लिहिण्याचीच परवानगी झाली. 'प्रेमाने' आणि 'नव्या उमेदीने' तिथूनच आले.

मी अशा कामाला असं सांगतो : "एकही शब्द बदलू नको, जोडू नको, गाळू नको. जिथे अर्थ कळला नाही किंवा दोन अर्थ निघतात, तिथे मला प्रश्न विचार. मागच्या पानाशी विसंगती दिसली तर दाखव." एकावेळी दोन-तीन पानंच द्या. सगळी वही एकदम दिली तर मधली पानं वरवर उरकली जातात. मिलमधल्या शब्दांची एक यादी करा : बदली, खातं, धोटा, जॉबर, ताणा, बाणा, पाळी, प्रत्येकापुढे बाबांचा अर्थ. नवं संभाषण उघडलं की आधी ती यादी चिकटवा, कारण मागचं त्याला आठवेलच याचा भरवसा नसतो.

तरीही गुपचूप बदल होतात, म्हणून त्याच्या शब्दावर विसंबू नका. वर्डमध्ये रिव्ह्यू टॅबखाली 'कम्पेअर' आहे. तुमची मूळ फाइल आणि आलेली फाइल द्या, बदललेलं प्रत्येक अक्षर रंगीत दिसतं. मला एकदा एका आजींच्या पत्रात 'नाई'चं 'नाही' असं सतरा ठिकाणी सापडलं होतं.

---

गांधीबागेतली मुलगी

काकाजी, भाऊ, काल रात्री बसले. यादीत सध्या सव्वीस शब्द झालेत. अकरावं पान पुन्हा दिलं, तुम्ही सांगितलं तसंच सांगून. या वेळी त्यानं काही लिहिलं नाही, नऊ प्रश्न विचारले. पाचांची उत्तरं मला येत होती. दोन आईनं दिली. 'माय' म्हणजे माझी आजी, ती डबा बांधायची म्हणजे फडक्यात भाकर आणि फल्लीची चटणी, डबा असा नव्हताच, असं आई म्हणाली. हे वहीत कुठेच नाही. तळटीप म्हणून आईच्या नावानं टाकणार आहे.

सक्करदऱ्याच्या भाऊ, तुमचंही ऐकलं. वहीच्या चार पानांचे फोटो जसेच्या तसे छापणार, बाबांच्या अक्षरातले.

दोन प्रश्न उरलेत. एक कायम झाल्याच्या सालाचा. दुसरा, "साच्यावर हात गेला तव्हापासून डावा" या ओळीचा. साचा म्हणजे मिलमधलं यंत्र. डाव्या हाताला काय झालं होतं, ते आईलाही माहीत नाही. बाबांसोबत साच्यावर असलेले एक काका पाचपावलीत राहतात, ऐंशीच्या वर आहेत. रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे जाते आहे.