घरची कॉफी: तुमचे अनुभव, फजित्या, जायफळ वगैरे

मोरपीस
काल माळा आवरताना जुन्या कुकरच्या पोटात गुंडाळलेला कॉफीचा पितळी फिल्टर सापडला. झाकण उघडलं आणि वास आला हो! निदान पंचवीस वर्षं बंद असेल. डोंबिवलीला शेजारी तमिळ मामी होत्या, त्यांनी घर सोडताना आईला दिलेला.

मामींची पद्धत ठरलेली. तळाला भोकं असलेल्या वरच्या भांड्यात पूड, त्यावर ती छत्री, म्हणजे दांडीची भोकाची चकती, नुसती टेकवायची, दाबायची नाही. उकळी बसली की पाणी गोल गोल ओतायचं, झाकण लावायचं आणि विसरून जायचं. आईला तेवढं विसरणं जमायचं नाही. दर दोन मिनिटांनी झाकण उचलून "पडतंय का गं?" पितळी झाकणाचा तो टण्ण आवाज भिंतीपलीकडे बरोबर जायचा आणि तिकडून मामी ओरडायच्या, "उघडू नको!"

तर काल मी केली. तीन चमचे पूड, कपभर पाणी. पाऊण तासाने खालच्या भांड्यात बघते तर चमचाभर डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क. शेवटी नवऱ्याने न बोलता चहाचं आधण ठेवलं. काय चुकलं असेल? आणि तुमचेही किस्से येऊद्यात.

माटुंगेकर
पूड बारीक दळून आलीय. दुकानात "फिल्टरसाठी" असं सांगून दळून घ्या, रव्याहून जरा बारीक. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती आहे? ती पाण्यात फुगते, जास्त असली की गाळणी चोंदते. पाकिटावर टक्के छापलेले असतात, वाचा. मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी कायद्याने चालते, म्हणजे निम्मे पैसे मुळाचे. आम्ही ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी आणतो, कॉफीत पीबेरी आणि प्लांटेशन ए हे बियांचे दोन प्रकार अर्धे अर्धे. एका वेळी पाव किलोच, पंधरा दिवसांनी वास जातो.
आणि भोकं बुजली असतील तर वरचं भांडं गॅसवर धरा, अडकलेली पूड जळून जाते.

सुगरण_नाही
चिकोरी उपासाला चालते का? सिरियसली विचारतेय, उद्या एकादशी आहे.

टवाळ
मूळ आहे ना? रताळं चालतं मग ही का नाही.

सुगरण_नाही
सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या "कॉफी चालते, बाकी मला सांगू नकोस."

रात्रपाळी
आमच्याकडे कॉफी म्हणजे दूध, साखर, जायफळ आणि असलीच तर कॉफी. दहावीला रात्री जागायला म्हणून आई पेला भरून द्यायची. वर जायफळ सढळ हाताने किसलेलं. दहा मिनिटांत मी भूमितीच्या पुस्तकावर आडवा. आईला शेवटपर्यंत वाटायचं की पोरगं अभ्यासाने थकतंय. गणितात किती पडले विचारू नका.

कोकणकन्या
रात्रपाळी, 😂😂
रत्नागिरीत पावसाळ्यात इन्स्टंटच्या बाटलीचा दगड होतो. आज्जी उलथन्याच्या टोकाने ठोकून खडे काढायची आणि पाहुण्यांना सांगायची, "खड्याची कॉफी आहे, मुंबईला मिळत नाही." एकाने पत्ता विचारला दुकानाचा!
चमचा कोरडा हवा, बाकी काही नाही. वाफेवर धरलेला चमचा तसाच बाटलीत घालणारे आमच्या घरात तिघं आहेत. कुकर झाला, येते नंतर.

मिशिगनचा_मध्या
मी मोका पॉट वापरतो, खालचं पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढतं तो. नव्या घरात इंडक्शन, पॉट अॅल्युमिनियमचा, वीस मिनिटं ढिम्म. मला वाटलं शेगडीच बिघडली. बायकोने फ्रिजवरचा लोहचुंबक काढून पॉटच्या बुडाला लावला, तो टपकन खाली पडला. "कळलं?" एवढंच म्हणाली. चुंबक न चिकटणारं भांडं इंडक्शनवर तापत नाही, म्हणून आता खाली लोखंडी तवा ठेवतो. खालच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंतच पाणी, आणि गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवायचं, नाहीतर कडू जहर.
फ्रेंच प्रेस (दांडीच्या जाळीने पूड खाली दाबायचं भांडं) पण आहे. जाडी पूड, चार मिनिटं, विषय संपला. पण धुवायला कटकट.

चहाबाज
चहा टाका. दोन मिनिटांत होतो.

टवाळ
+१

माटुंगेकर
धाग्याचं नाव वाचा राव.

तांब्याभांडं
थांबा थांबा! मोरपीस, फिल्टर पितळी आहे म्हणताय ना? गॅसवर अजिबात धरू नका!! आत कल्हई असणार, कथिल आहे ते, सरळ आचेवर वितळून ओघळेल. गॅसचा उपाय स्टीलच्या फिल्टरला. पितळी असेल तर गरम पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी बारीक सुईने एकेक भोक मोकळं करा. आतून पिवळं दिसत असेल तर कल्हई गेलीय, आधी ती करून घ्या.

माटुंगेकर
बरोबर. माझा स्टीलचा आहे, लक्षातच आलं नाही. सॉरी ताई.

रात्रपाळी
कल्हईवाले आहेत अजून? आमच्या गल्लीत यायचा, नवसागर टाकला की पांढरा धूर आणि कापसाने फिरवलं की पातेलं चकाचक. आम्ही शाळा बुडवून बघायचो.

कोकणकन्या
आले. भात लागला खाली, या धाग्यामुळे. डिकॉक्शन उरलं तर गॅसवर उकळू नका कुणी, दूध कडकडीत घ्या आणि वरून ओता. एवढंच सांगायचं होतं.

मोरपीस
तांब्याभांडं, वाचवलंत! लायटर हातात होता. सुईने टोचत बसले, काळी काळी पूड निघाली, मामींच्या वेळची असणार. कल्हई मात्र आहे, आतून पांढरा आहे. आता पाणी ओतलंय, थेंब नीट पडतायत.
दोनदा झाकण उघडून झालं.

सुगरण_नाही
उघडू नको!!!

तांब्याभांडं
हाहा. रात्रपाळी, कल्हईवाला पुण्याला तांबट आळीत विचारा.