'गाउल'साठी मराठी शब्द: शरद, पानगळ की सुगी?

अक्षरवेल:
एका शाळेच्या वाचनालयासाठी मी काही कोरियन चित्रपुस्तकांचे मराठी भाषांतर करीत आहे. वाचक पाच ते सात वर्षांचे आहेत आणि पुस्तके 'गाउल' या ऋतूवरची आहेत. चित्रांत लाल-पिवळी पाने, पिकलेली भातशेते, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या, डोंगरातली खार आणि छुसोक सणाचा पूर्ण चंद्र असा सगळा थाट आहे. पहिल्या खर्ड्यात मी सर्वत्र 'पानगळ' लिहिले होते. खर्डा तपासणाऱ्या बाईंनी तो शब्द खोडून सगळीकडे 'शरद ऋतू' केला आणि समासात 'कोश पाहावा' असा शेरा मारला. कोशात तसे आहे, हे मला मान्य आहे. मात्र ज्या मुलाने 'शरद' हा शब्द केवळ माणसाचे नाव म्हणून ऐकला आहे, त्याच्यापुढे लाल झाडाच्या चित्राखाली 'शरद आला' असे छापले, तर ते मूल चित्रात शरदकाकांना शोधू लागेल. अशा वेळी शीर्षकात काय लिहावे?

शुद्धमती:
बाईंचे बरोबर आहे. आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने, आणि कोरियातील हा ऋतू सप्टेंबर ते नोव्हेंबर असा असतो. म्हणजे काळ बहुतांशी जुळतो. या ऋतूसाठी कोरियन भाषेत 'छोनगोमाबी' असा चार चिनी अक्षरांचा वाक्प्रचार आहे, त्याचा अर्थ 'आकाश उंच आणि घोडे पुष्ट' असा होतो. पावसाळा सरल्यावर आकाश धुतल्यासारखे उंच दिसणे हे शरदाचेच लक्षण नव्हे काय? छुसोक तर थेट पौर्णिमेचाच सण आहे, आणि २०२५ मध्ये तो ६ ऑक्टोबरला, आपल्या कोजागरीच्याच दिवशी आला होता. मुलांना शब्द येत नाही म्हणून तो टाळायचा, तर मग तो त्यांना यायचा कधी? 'जीवेत् शरदः शतम्' असा आशीर्वाद देताना आपण संपूर्ण वर्षालाच शरद म्हणतो. इतका मानाचा शब्द हाताशी असताना 'पानगळ'सारखा उदास शब्द शीर्षकात का घालावा, हे मला समजत नाही.

सोलकर:
मी काही वर्षे कोरियात राहतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. वयाबद्दल शुद्धमतींनी लिहिले त्याचा जोडीदार कोरियनमध्येही आहे. वडीलधाऱ्यांचे वय आदराने विचारताना तेथे 'छुनछु' हा शब्द वापरतात, त्याचा अक्षरशः अर्थ 'वसंत-शरद' असा आहे.

कोजागरीचे मात्र मला पटत नाही. छुसोक ही त्यांच्या चांद्र पंचांगातील आठव्या महिन्याची पौर्णिमा आहे, आणि ती बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास येते. २०२३ मध्ये ती २९ सप्टेंबरला, भाद्रपद पौर्णिमेलाच होती. २०२४ मध्ये १७ सप्टेंबरला, म्हणजे आपल्याकडे गणपती विसर्जनाला निघाले होते त्या अनंत चतुर्दशीला. २०२५ चा योग जुळला तो अधिक महिन्यामुळे. त्यांचा अधिक महिना त्या वर्षी आला आणि आपला अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये पडला. शिवाय सणाचा गाभा पाहिला तर तो पितृपक्षाच्या उंबऱ्यावरच शोभतो. सकाळी नव्या पिकाचे अन्न पूर्वजांपुढे मांडतात, थडग्यांवरचे वाढलेले गवत आधीच कापून ठेवलेले असते आणि घरचे सगळे तेथे नमस्काराला जातात. फरक इतकाच, की आपल्याकडे त्या पंधरवड्यात शुभकार्ये टाळतात आणि तेथे मात्र दिवाळीला गावी निघावे तशी सगळ्या देशाची गावाकडे रीघ लागते.

रानवाट:
पंचांगाचे महिने जुळले म्हणून ऋतू जुळत नाहीत. आपला शरद म्हणजे ऑक्टोबरची तलखी. 'वैद्यानां शारदी माता' हे वचन उगीच नाही आले. या दिवसांत तापाचे रुग्ण वाढतात, वैद्यांची चलती होते आणि झाडे तर पावसाचे पाणी पिऊन ऐन हिरवी असतात. आपल्याकडे पाने गळतात ती शिशिरात. मर्ढेकरांनी १९३९ च्या संग्रहाला 'शिशिरागम' हे नाव दिले, 'शरदागम' नव्हे.

याहून मोठी अडचण रंगाची आहे. सह्याद्रीत लाल पान म्हणजे नवे पान. फाल्गुन-चैत्रात कुसुंब लालभडक होतो तो नव्या पालवीने, आणि पिंपळाची कोवळी पानेही तांबूस असतात. आपल्या मुलाला लाल झाड दाखवले तर त्याला वसंत आठवेल, आणि कोरियन मुलाला नेमके त्याच्या उलट. याला ठळक अपवाद देशी बदामाचा. मुंबईतल्या चाळींच्या आणि शाळांच्या आवारात तो असतो, आणि थंडी सरताना त्याची पाने लालजर्द होऊन गळतात. हरितद्रव्य मोडत जाते आणि लाल रंग वर येतो, ही क्रिया दोन्हीकडे सारखीच आहे. प्रस्तावनेत एवढा बदाम दाखवला तरी मुलांना चित्र कळेल. त्यासाठी शरदाला वेठीस धरण्याची गरज नाही.

माळरान:
'गाउल'चे क्रियापदही होते का?

सोलकर:
होते. 'गाउलहादा' म्हणजे पीक काढणे. शहरात ते फारसे ऐकू येत नाही, परंतु कोशात आहे आणि खेड्यातील वृद्धांच्या तोंडी आहे.

माळरान:
मग उत्तर मिळाले: 'सुगी'. माझी आजी सांगली भागातली होती, आणि तिच्या बोलण्यात महिने कमी आणि सुगी जास्त असे. 'सुगीत ये', 'सुगी झाली की लग्न काढू' अशी तिची कालगणना होती. ऋतू आणि कापणी या दोहोंना एकच शब्द असलेली जागा मराठीत ही एकच आहे. कन्नडमध्ये 'सुग्गी' आहे आणि मला वाटते आपण तो शब्द तिथूनच घेतला, कारण कृष्णेच्या खोऱ्यात दोन्ही भाषा एकाच बांधावर उभ्या आहेत. पुस्तकाचे नाव 'सुगीचे दिवस' असे ठेवले, तर पिवळी भातशेते, मिरच्या आणि छुसोकची पंगत यांना कोठेही वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

शुद्धमती:
सुगी कन्नड असल्याचा आग्रह कशासाठी? 'सु' हा उपसर्ग समोर दिसत असताना सीमेपलीकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही. आणि सुगी रब्बीचीही असते. ज्वारीची सुगी माघ-फाल्गुनात येते, तेव्हा कोरियात बर्फ असतो. शिवाय 'सुगीचे दिवस' म्हणजे आता 'भरभराटीचा काळ' एवढाच अर्थ उरला आहे. व्यापाऱ्यांचे सुगीचे दिवस, वकिलांचे सुगीचे दिवस. मुखपृष्ठावर ते वाचून पालकांना हे गुंतवणुकीचे पुस्तक वाटेल.

माळरान:
उपसर्ग दिसला की संस्कृत, या न्यायाने सुतारही संस्कृतात 'चांगला तार' होईल.

अक्षरवेल:
शीर्षकाचा निर्णय तूर्त बाजूला ठेवू, कारण आतही अडचण आहे. 'दानपुंग' आणि 'नाग्योप' असे दोन शब्द सारखे येतात. पहिला झाडावर असतानाच रंगलेल्या पानांसाठी आहे, दुसरा गळून पडलेल्या पानांसाठी. दुसऱ्यासाठी मी 'पाचोळा' घेतला आहे, जरी पाचोळा वाळलेला असतो आणि चित्रातले पान कधीकधी ताजे लाल असते. पहिल्यासाठी शब्दच नाही. 'पिकलेली पाने' लिहावीत तर 'पिकले पान' म्हणजे म्हातारा माणूस. 'पाने रंगली' लिहावे तर विडा आठवतो. त्यात हे पुस्तक असल्यामुळे 'पान उलटा' ही सूचनाही त्याच पृष्ठावर आहे.

शुद्धमती:
'पर्णशोभा' हा शब्द सुचवते.

रानवाट:
तो मला एखाद्या मंगल कार्यालयाच्या पाटीवर शोभेल असा वाटतो.

सोलकर:
येथे कोरियन लोकांचा स्वतःचा व्यवहार पाहावा. 'दानपुंग'मधली दोन चिनी अक्षरे म्हणजे 'लाल' आणि 'मेपल'. तरीही रस्त्याकडेच्या गिंको झाडांची पिवळीधमक पाने पाहतानाही ते 'दानपुंग'च म्हणतात, आणि कोणी अक्षरार्थ काढून त्यांना अडवीत नाही. तेथे हा शब्द हवामान खात्याच्या कामकाजातही आहे. डोंगराचा सुमारे २० टक्के भाग रंगला की 'पहिले दानपुंग' आणि ८० टक्के रंगला की 'ऐन बहर' असे धरतात. रंग शिखरावरून पायथ्याकडे आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतो; ईशान्येकडील सोराकसानला सुरुवात होते आणि नैर्ऋत्येकडील नेजांगसानला ऐन बहर येईपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. ते पाहायला जाण्याच्या सहलीला 'दानपुंग-नोरी' असे वेगळे नाव आहे. त्यामुळे मी म्हणेन की 'दानपुंग' तसाच ठेवावा. आपण 'सुशी' घेतली, 'त्सुनामी' घेतली, तसा हाही मुले घेतील.

शुद्धमती:
त्सुनामी आपल्यावर येऊन आदळली म्हणून शब्द घ्यावा लागला. पाने कोणाच्या अंगावर आलेली नाहीत. प्रत्येक अडचणीत परका शब्द उचलायचा असेल, तर भाषांतर करण्याऐवजी लिप्यंतर करावे आणि मोकळे व्हावे.

माळरान:
मग 'रंगपाने' का नको? बोलायला सोपा आहे, आणि 'रंगपंचमी' माहीत असलेल्या मुलाला अर्थ विचारावा लागणार नाही.

अक्षरवेल:
'रंगपाने' मी खर्ड्यात लिहून पाहते. ध्वनिशब्दांचे मात्र मला समाधान आहे. तिथे मराठी मुळीच उणी पडत नाही. कोरियन चित्रपुस्तके अशा शब्दांवरच उभी असतात. वाळलेल्या पानांवर पाऊल पडले की 'बासराक', वाऱ्याने पाने एकदम झडली की 'उसुसु', ओकचे फळ उतारावरून घरंगळले की 'देगुल-देगुल', झाड फळांनी लगडले की 'जुरोंग-जुरोंग'. मी अनुक्रमे 'चुरचुर', 'भुरूभुरू', 'गडगड' आणि 'घोसच घोस' असे केले आहे. 'उलगत-बुलगत' हा मात्र फक्त रंगांचा आहे, आणि त्यात लाल या अर्थाचा धातू दडलेला आहे. 'रंगीबेरंगी'मध्ये लाल हरवतो.

रानवाट:
'भुरूभुरू' पावसाची किंवा राखेची असते. एकदम झडणाऱ्या पानांना 'झरझर' म्हणावे. 'चुरचुर' तर डोळे करतात. पाचोळ्याला 'चर्रचर्र' असू द्या. 'उलगत-बुलगत'ला 'लालीलाल' चालेल का, ते म्हणून पाहा. मोठ्याने म्हटल्याखेरीज अशा शब्दांचा निर्णय होत नाही.

अक्षरवेल:
आता खरी अडचण सांगते. फळे उतरवताना कोरियन शेतकरी शेंड्यावरची थोडी फळे मुद्दाम राखून ठेवतात. त्यांना 'क्काचीबाप' म्हणतात. 'क्काची' हा काळा-पांढरा, लांब शेपटीचा पक्षी आणि 'बाप' म्हणजे शिजवलेला भात, जेवण. मराठीत तसेच लिहिले तर वर्गात हशा पिकेल. तपासणाऱ्या बाईंनी 'काकबळी' सुचवला आहे.

सोलकर:
'काकबळी' कृपया घेऊ नये. त्याने श्राद्धाचे पान डोळ्यांपुढे येते. छुसोकचा पूर्वजांशी संबंध असला तरी या फळांचा नाही. ती हिवाळ्यात पाखरांना उपाशी राहावे लागू नये म्हणून ठेवलेली असतात. शिवाय कोरियात कावळा अशुभ मानतात आणि क्काची शुभ. सकाळी क्काची ओरडली की आवडता पाहुणा येतो, असा समज आहे.

माळरान:
पाहुण्याची वर्दी आपल्याकडे कावळाच देतो. त्या कामापुरते दोघे एकाच पदावर आहेत. मी 'काऊचा घास' लिहिले असते. प्रत्येक मराठी मूल 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' ऐकत जेवलेले आहे, आणि राखून ठेवलेल्या फळातला भाव नेमका तोच आहे.

रानवाट:
भाव तोच असेल, पक्षी तो नाही. चित्रात लांब शेपटीचा काळा-पांढरा पक्षी आणि खाली 'काऊ' लिहिलेले, हे मूल लगेच पकडील. काही कोशांत या पक्ष्याला 'दयाळ' म्हटलेले असते, तेही चूक आहे. दयाळ हा छोटा गाणारा पक्षी पूर्णतः वेगळ्या कुळातला आहे. आपल्याकडे कावळ्याच्याच कुळातला लांब शेपटीचा पक्षी म्हणजे टकाचोर. रंग तांबूस असला तरी नाते जवळचे आहे.

शुद्धमती:
म्हणजे शेतकऱ्याने चोरासाठी फळे राखून ठेवली, असे मुलांना सांगायचे?

माळरान:
'टका' म्हणजे नाणे आणि चकचकीत वस्तू पळवणारा म्हणून टकाचोर, अशी माझी समजूत आहे. त्यात फळांचा आळ नाही.

रानवाट:
नाण्याचा पुरावा कोणी दिलेला मी वाचलेला नाही. त्याच्या आवाजातच 'टक' असल्याचे मला अधिक पटते.

अक्षरवेल:
टकाचोराची व्युत्पत्ती लागेपर्यंत मी 'पाखरांचा वाटा' लिहिते. ज्या फळाचा हा वाटा आहे त्या फळालाही नाव हवे आहे. बाजारात त्याला 'पर्सिमन' किंवा 'अमरफळ' म्हणतात, कोरियनमध्ये 'गाम'. झाडावर पिकून मऊ झाले की 'होंगशी', सोलून दोरीला टांगून वाळवले की 'गोत्काम'. गोत्कामची एक लोककथाही त्यात आहे. वाघ दाराशी आल्याचे सांगूनही बाळ रडायचे थांबत नाही, 'हे घे गोत्काम' म्हणताच थांबते. आणि बाहेर ऐकणारा वाघ, गोत्काम हा आपल्याहून भयंकर प्राणी असावा असे समजून पळ काढतो. कथेचा सगळा जीव वाघाला तो शब्द न कळण्यात आहे, म्हणून येथे मराठी शब्द घातला तर गंमत जाते.

सोलकर:
तो शब्द तसाच ठेवा. येथे तरी शुद्धमतींची हरकत नसावी.

शुद्धमती:
वाघापुरती नाही. एरवी 'सुकवलेले अमरफळ' लिहावे.

माळरान:
आमच्या विदर्भातल्या पाहुण्यांना विचारा. टेंभुर्णी त्याच प्रजातीतले झाड आहे आणि उन्हाळ्यात पिकणारी टेंभरं तिकडची मुले रानात खातात. तेंदूपत्ता ज्याचा असतो, तेच हे झाड. 'कोरियन टेंभरं' म्हटले तर काय बिघडले?

रानवाट:
टेंभरं बोराएवढी नसली तरी लहान असतात, बी मोठी, गर थोडा. चित्रातले फळ टोमॅटोएवढे आहे. आणि हंगाम पुन्हा उलटा.

अक्षरवेल:
मुखपृष्ठ सोमवारी छापायला जायचे आहे. शरद, पानगळ की सुगी?

शुद्धमती:
शरद.

माळरान:
सुगी. आणि टेंभरं बोरापेक्षा मोठीही असतात. रानवाट यांनी गडचिरोलीची पाहिलेली दिसत नाहीत.