मदत हवी आहे: सिनेमा अंधारा होता की थिएटर? मत लिहिण्याआधी कसं ओळखायचं?

रविवारचा प्रेक्षक

नमस्कार मंडळी. नव्या सिनेमांवर इथे चार ओळी लिहायच्या आहेत, पण एका शंकेपाशी अडलोय. 2025 मधल्या तीन सिनेमांबद्दल माझं मत असं झालं:

छावा: विकी कौशल आवडला, लढाया दणदणीत. पण पार्श्वसंगीत इतकं चढं की वाक्यांचे शेवटचे शब्द गेले.

दशावतार: दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री डोक्यातून जात नाही. पण रानातली रात्र जवळपास काळीच दिसली आणि संवाद अर्धेमुर्धेच कळले.

साबर बोंडं: फार हळुवार सिनेमा. पण आवाज खूप खाली आणि शेजारच्या स्क्रीनवरचा दणदणाट सतत कानावर.

तिन्ही वेगवेगळ्या थिएटरांत पाहिले. दुसऱ्या गावांतल्या लोकांना दशावतार अजिबात अंधारा वाटला नाही म्हणे. मग दोष सिनेमाचा की पडद्याचा, हे खुर्चीत बसल्या बसल्या कसं ओळखायचं? दिग्दर्शकावर उगाच ठपका ठेवायचा नाही, म्हणून विचारतोय.

झेनॉन

प्रश्न योग्य आहे, आणि मत लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारायला हवा. आधी उजेडाचं बघू.

टूडी सिनेमासाठी पडद्याच्या मध्यभागी 48 निट्स (निट हे उजेड मोजायचं एकक) उजेड हवा. जुन्या मापात 14 फूट-लँबर्ट. थिएटरकडे येणारी डीसीपी, म्हणजे सिनेमाची डिजिटल प्रत, याच आकड्याला धरून रंगवलेली असते. म्हणजे काळोखात किती दिसावं आणि किती लपावं, हे कॅमेरामन आणि कलरिस्ट (सिनेमाचे रंग ठरवणारा) यांनी 48 निट्सच्या पडद्यासमोर बसून ठरवलेलं असतं. आता हा उजेड निम्म्यावर आला तर काय होतं? दिवसाची दृश्यं जरा मळकट दिसतात, पण डोळा जुळवून घेतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. खरा मार बसतो रात्रीच्या दृश्यांना, कारण तिथली सगळी माहिती खालच्या छटांमध्येच असते. त्यामुळे ‘फक्त रात्रीचंच दिसलं नाही, म्हणजे सिनेमाच तसा असणार’ हा तर्क फसवा आहे. मंद प्रोजेक्टरचं पहिलं लक्षण नेमकं हेच असतं.

उजेड कमी होण्याची नेहमीची कारणं: प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा जुना झालेला असतो (तो तासागणिक मंदावत जातो, एकदम जात नाही, म्हणून बदलायचं पुढे ढकललं जातं). प्रोजेक्शन खोलीच्या काचेवर धूळ किंवा तेलकट थर असतो. थ्रीडीचा फिल्टर लेन्ससमोरून काढायचा राहिलेला असतो, आणि तो एकटाच अर्ध्याहून जास्त उजेड खातो. चौथं कारण म्हणजे रुपेरी पडदा. ध्रुवित चष्म्याच्या थ्रीडीसाठी बसवलेल्या या पडद्यावर मध्यभाग चकाकतो आणि कडा काळवंडतात. कडेच्या खुर्चीवर बसलात तर पडद्याची एक बाजू स्पष्टपणे मंद दिसते.

खुर्चीतून तपासायचं असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघा. सिनेमाआधी ते दहा सेकंद तरी असतं, स्थिर असतं, पार्श्वभूमी फिकट असते आणि त्यावर बारीक अक्षरं असतात. याहून चांगली चाचणी फुकटात मिळणार नाही. मधली अक्षरं वाचा, मग चारही कोपरे बघा. मध्य स्पष्ट आणि कोपरे पुसट असतील तर फोकस किंवा लेन्सची गडबड. फिकट भाग एका बाजूला गुलाबी किंवा हिरवट दिसला तर रंग बिघडलेत. सगळंच करड्या कागदासारखं दिसत असेल तर उजेड कमी आहे. पुढे पडद्यावर कुणी सिगरेट ओढली की खाली तंबाखूची पाटी येते, पांढऱ्यावर काळी अक्षरं. ती रात्रीच्या दृश्यात आली तर नीट बघा. पाटीचा पांढरा रंगच मळकट असेल तर थिएटर दोषी. पाटी झगझगीत पांढरी आणि तरीही वरचं चित्र काळं असेल, तर तो निर्णय सिनेमावाल्यांचा.

त्याच वेळी चौकटही तपासून घ्या. बहुतेक सिनेमांची रुंदी उंचीच्या 2.39 किंवा 1.85 पट असते. चुकीचं सेटिंग लावलं तर डोकी छाटली जातात, नावांची किंवा सबटायटल्सची अक्षरं काठाबाहेर सांडतात, नाहीतर चित्राच्या चारही बाजूंना काळी पट्टी राहते. फक्त वर-खाली किंवा फक्त डाव्या-उजव्या बाजूला पट्टी असेल तर घाबरू नका, ते नेहमीचं आहे.

कानसेन

आवाजाच्या तुमच्या तिन्ही तक्रारी तीन वेगळ्या जातीच्या आहेत.

थिएटरातले संवाद जवळजवळ सगळे एकाच स्पीकरमधून येतात: पडद्यामागचा मधला, म्हणजे सेंटर. संगीत मुख्यतः डाव्या-उजव्या स्पीकरमधून आणि भिंतींवरच्या सराउंडमधून येतं. एवढं लक्षात ठेवलं की निदान सोपं होतं.

सगळंच बारीक आहे, संवादही आणि संगीतही: फेडर, म्हणजे थिएटरच्या आवाजाची कळ, खाली आहे. मिक्सिंग (संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र जुळवणं) ज्या पातळीवर होतं ती फेडरवर 7 असते. जाहिराती आणि ट्रेलर फार चढे असतात, लोक कान दाबून तक्रार करतात, मग फेडर 5 वर येतो आणि मुख्य सिनेमालाही तिथेच राहतो. 4 ते 10 या टप्प्यात एका अंकाला साधारण साडेतीन डेसिबल धरा. 5 म्हणजे जवळजवळ 7 डेसिबल कमी. तलवारबाजीला काही होत नाही, कुजबूज मात्र गायब.

संगीत झळाळतंय आणि संवाद मात्र घोंगडीतून आल्यासारखे: सेंटर स्पीकरचा हॉर्न, म्हणजे वरच्या पट्टीचे आवाज काढणारा भाग, गेलाय. याची मराठीतली चाचणी छान आहे. ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू येतात का? ‘चमचा’मधला दंत्य च आणि ‘चिमटा’मधला तालव्य च यांत फरक कळतो का? या व्यंजनांचा जोर वरच्या कंप्रतेत असतो. हॉर्न गेला की स्वर राहतात, व्यंजनं पुसली जातात. आवाज वाढवून उपयोग नाही, घोंगडीच मोठी होते.

शांत प्रसंगात संवाद लख्ख, फक्त संगीत चढलं की बुडतात: हे मिक्सिंग आहे, म्हणजे सिनेमाचा स्वतःचा निर्णय. तुमचं छावाबद्दलचं मत याच खान्यात बसतं. पार्श्वसंगीताच्या चढेपणाबद्दल परीक्षणांतही लिहिलं गेलं होतं. ते मत बिनधास्त लिहा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर आणखी एक कसोटी. काही ठरावीक दृश्यांतच फरक असेल तर डबिंग ढिलं झालंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर तो थिएटरचा. मात्र लांबलचक हॉलच्या शेवटच्या रांगेत थोडा उशीर व्हायचाच: आवाज एका फ्रेमच्या वेळात, म्हणजे सेकंदाच्या चोविसाव्या भागात, जेमतेम 14 मीटर जातो.

आता साबर बोंडं. या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही. वारा, पावलं, भांडी, माणसांचे श्वास, एवढ्यावर तो उभा आहे. अशा सिनेमाला थिएटर शांत लागतं, कारण शेजारचा दणदणाट झाकायला इथे संगीत नसतं. भिंतीतून येतो तो खालचा ठेका. वरच्या पट्ट्या भिंत अडवते, खालच्या अडवत नाही. तेव्हा फेडर खाली असेल तर तो थिएटरचा दोष आणि ठेका आला तर भिंतीचा. सिनेमाच्या खात्यात यातलं काहीही टाकू नका. जानेवारी 2025 मध्ये सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवलेला हा सिनेमा अशा स्क्रीनवर ऐकावा लागणं वाईटच.

तेरेखोलपार

दशावतारच्या संवादांबद्दल तिसरी शक्यता कुणी बोललं नाही. त्यातली मालवणी पक्की आहे. खंय, कित्याक, माका, तुका, झील, चेडू, आवस, बापूस हे शब्द कानाला सवयीचे नसतील तर पहिला अर्धा तास प्रत्येक वाक्य अर्धा क्षण उशिरा कळतं, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. तो आवाजाचा दोष नाही आणि लेखनाचा तर मुळीच नाही. त्या माणसांनी पुण्याची प्रमाण मराठी बोलली असती तर बाबुली मेस्त्री उभाच राहिला नसता. ओळखायची खूण अशी: शब्द ऐकू आला पण अर्थ लागला नाही, की शब्दच ऐकू आला नाही? पहिलं असेल तर सबटायटल्स असलेला शो शोधा आणि पुन्हा बघा. वाक्यांची लय कळायला लागली की सिनेमा दुप्पट उघडतो.

रविवारचा प्रेक्षक

खूप आभार. दशावतारच्या वेळी पाटीचा पांढरा रंगही करडा होता, हे आता आठवतंय. म्हणजे अंधाराचं ते वाक्य मतातून काढतो. संवादांचं तेरेखोलपार म्हणतात तसंच: शब्द ऐकू येत होते, अर्थ लागत नव्हता. आणखी तीन प्रश्न. खुर्ची कोणती घ्यावी? सिनेमा चालू असताना तक्रार कुणाकडे आणि कोणत्या शब्दांत करावी? आणि फोनवरच्या डेसिबलच्या ॲपने आवाज मोजला तर चालेल का?

झेनॉन

खुर्ची: पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराच्या दोन-तृतीयांशावर, मधोमध. मिक्सिंग करणारेही साधारण तिथेच बसतात. बारा रांगा असतील तर पुढून सातवी-आठवी. तिकीट काढताना खुर्च्यांच्या नकाशात पडदा वर दाखवलाय की खाली, हे आधी बघा. उलटं वाचून लोक पुढच्या रांगेत जाऊन बसतात. शेवटच्या रांगेतल्या रेक्लायनरसाठी जास्त पैसे द्यायची गरज नाही. तिथे मागचे सराउंड स्पीकर कानाशी येतात, भिंतीपाशी बास फुगतो आणि पडदा लहान दिसतो.

जागेवर बसल्यावर हात पूर्ण ताणून मूठ डोळ्यांसमोर धरा. अशी एक मूठ म्हणजे अंदाजे दहा अंश. पडद्याच्या रुंदीत चार मुठी बसल्या तर उत्तम, तीन बसल्या तरी चालेल. दोनच बसत असतील तर फार मागे आहात, सहा बसत असतील तर मान दुखणार.

कानसेन

तक्रार पहिल्या दहा मिनिटांत करा. जाहिराती चालू असताना नको, कारण त्यांची पातळी वेगळी असते. प्रोजेक्शन खोलीत आजकाल बहुधा कुणी बसलेलं नसतं, शो आपोआप लागतो. त्यामुळे कुणी सांगितल्याशिवाय थिएटरला कळतच नाही. दारावरच्या माणसाला ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा आणि स्क्रीन क्रमांक, शोची वेळ, खुर्ची सांगून नेमकं बोला. ‘आवाज बरोबर नाही’ म्हटलं की ते नुसता आवाज वाढवतात. त्याऐवजी असं म्हणा: ‘फेडर किती आहे बघा, कुजबूज ऐकू येत नाही.’ किंवा ‘सेंटर स्पीकर तपासा, संगीत स्पष्ट आहे पण संवाद दबलेत.’ किंवा ‘टूडी शो आहे, थ्रीडीचा फिल्टर लेन्ससमोर राहिलाय का?’ फेडर आणि फिल्टर दोन मिनिटांत सुधारतात. जळालेला हॉर्न त्या शोला दुरुस्त होणार नाही, तेव्हा लगेच दुसऱ्या शोचं तिकीट मागा. ते द्यायचं की नाही हे मॅनेजर ठरवतो, आणि मध्यंतरानंतर गेलात तर तो ‘अर्धा सिनेमा पाहिलात की’ म्हणणार, म्हणूनही घाई करा.

ॲपचा नाद सोडा. फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठा आवाज आला की तो स्वतःच दाबतो. आकडा भरवशाचा नसतो. आणि पडद्याकडे रोखलेला फोन हे रेकॉर्डिंग वाटू शकतं. 2023 च्या दुरुस्तीनंतर थिएटरात बेकायदा रेकॉर्डिंगला किमान तीन महिने तुरुंग आणि किमान तीन लाख दंड आहे. फोन खिशातच बरा.

तेरेखोलपार

एक राहिलं. पुढे ओटीटीवर तोच सिनेमा स्वच्छ ऐकू आला म्हणून थिएटर दोषी होतं असं लगेच धरू नका. घरासाठी बऱ्याचदा मिक्स वेगळा करतात, संवाद वर उचललेले असतात. तुलना करायचीच तर त्याच सिनेमाचा दुसऱ्या थिएटरातला शो. म्हणून मत लिहिताना गाव, शोची वेळ आणि रांग एवढं सोबत टाकलंत तर वाचणाऱ्याला ताडून बघता येतं.

रविवारचा प्रेक्षक

टाकतो. दशावतारचं मत नव्याने लिहायला घेतलंय. आठवी रांग मिळेल असा सबटायटल्सचा शो कुणाला दिसला तर इथेच कळवा, दुसऱ्यांदा बघून मगच पूर्ण करतो.