रात्री साखर उतरून झटका आला; दोन महिन्यांनंतरही पाठ आणि खांदा दुखतो

प्रश्न (देवगड तालुका)

सप्रेम नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा असून गेली १९ वर्षे टाइप १ मधुमेहासाठी इन्सुलिन घेतो. एप्रिलमध्ये आंब्याच्या काढणीच्या दिवसांत तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन बागेत होता आणि नंतर पेट्याही त्यानेच टेम्पोत चढवल्या. रात्री नेहमीसारखे जेवून त्याने नेहमीचेच इन्सुलिन घेतले. पहाटे तीनच्या सुमारास त्याच्या कण्हण्याने वहिनी जागी झाली, तेव्हा तो घामाने निथळत होता, दातखीळ बसली होती आणि हातपाय झटके देत होते. ग्लुकोमीटरवर ३१ आकडा आला. घाबरून तिने साखरपाणी तोंडात ओतले. पुढे १०८ ची रुग्णवाहिका आली आणि शिरेतून ग्लुकोज दिल्यावर तो शुद्धीवर आला.

तेव्हापासून त्याची पाठ दोन्ही खवाट्यांच्या मध्ये सतत दुखते, उजवा हात वर जात नाही आणि पेट्यांचा हिशेबही त्याच्या लक्षात राहत नाही. पेट्या उचलून पाठ धरली असेल, असे घरातल्यांचे मत आहे आणि एका डॉक्टरांनीही स्नायूंचे दुखणे म्हणून मलम दिले. हे सारे त्या रात्रीमुळे झाले असेल का, आणि ते कायमचे राहील का?

प्रतिसाद (रत्नागिरी)

ताई, मी स्वतः २८ वर्षे इन्सुलिनवर आहे आणि अशीच पाठ घेऊन चार महिने मलमे चोळत बसलो होतो, म्हणून कळकळीने लिहितो. झटक्याच्या वेळी पाठीचे मोठे स्नायू एकाच वेळी इतक्या जोराने आवळले जातात की, माणूस पलंगावरून पडलेला नसतानाही पाठीच्या मधल्या भागातील मणका दबून मोडू शकतो. माझे दोन मणके असेच दबलेले निघाले. पाठीचा एक्स-रे, तोही बाजूने घेतलेला, आधी काढून घ्या.

खांद्याकडे त्याहून अधिक लक्ष द्यावे. झटक्यात खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो आणि केवळ समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये तो निखळलेपणा सहज नजरेतून सुटतो. मधुमेहात खांदा आखडण्याचा त्रासही पुष्कळांना असतो, त्यामुळे ‘मधुमेहाचा खांदा’ म्हणून विषय तिथेच मिटण्याची भीती असते. हाडांच्या डॉक्टरांना त्या रात्रीच्या झटक्याची हकीकत न विसरता सांगा. दबलेला मणका पूर्वीच्या उंचीवर सहसा येत नाही, परंतु दुखणे बहुधा हळूहळू ओसरते. माझे ओसरले, मात्र फार वेळ वाकून बसलो की आजही पाठ जाणीव करून देते.

प्रतिसाद (वेंगुर्ला, निवृत्त वैद्यकीय अधिकारी)

स्मरणशक्तीविषयी लिहितो. मेंदूला रक्तातील साखरेचा अखंड पुरवठा लागतो. साखर अतिशय कमी अवस्थेत कित्येक तास गेले, तर स्मृतीशी संबंधित भागाला कायमची इजा होऊ शकते. सुदैवाने आपल्या वहिनींना वेळेत जाग आली. अमेरिका व कॅनडातील १४४१ टाइप १ रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे १८ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही, तीव्र स्वरूपात साखर उतरण्याच्या प्रसंगांमुळे बौद्धिक क्षमता लक्षणीय घटल्याचे आढळले नाही. हे रुग्ण आरंभी १३ ते ३९ वयाचे होते; वृद्धांना किंवा अगदी लहान मुलांना हा दिलासा तसाच लागू करू नये. तरीही विसराळूपणा दोन महिने टिकला आहे, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांची तपासणी आवश्यक आहे.

मला खरी काळजी पुढच्या रात्रीची वाटते. साखर वारंवार उतरत राहिली की घाम, थरथर, धडधड हे इशारे क्षीण होतात आणि झोपेत तर ते आधीच मंद असतात. काही आठवडे साखर ७० च्या खाली काटेकोरपणे जाऊ दिली नाही, तर हे इशारे बऱ्याच प्रमाणात परत येतात. दिवसभराच्या श्रमांनंतर स्नायू रात्रभर साखर ओढून घेत असतात, म्हणून काढणीच्या दिवसांत रात्रीचे इन्सुलिन किती कमी करायचे हे त्यांच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी कधीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून मांडीत ग्लुकागॉनचे (रक्तातील साखर वाढवणाऱ्या संप्रेरकाचे) इंजेक्शन द्यावे. वहिनींना दोष मात्र देऊ नका, त्यांना हे कोणी शिकवलेलेच नव्हते.

मूळ प्रश्नकर्ती

आपणा दोघांची मी अत्यंत आभारी आहे. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये एक मणका दबलेला दिसला. खांदा निखळलेला नाही, तो आखडला आहे आणि त्यासाठी व्यायाम सुरू झाले आहेत. मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. ग्लुकागॉन कसे द्यायचे ते वहिनी आणि मी दोघी शिकून आलो. काल पहाटे तीनला गजर लावून तिने साखर तपासली, तर ती ६२ होती आणि भाऊ शांत झोपलेला होता; त्याला उठवून तीन चमचे साखर पाण्यातून दिली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासल्यावर ९४ आली. आज सकाळीच डॉक्टरांना हे आकडे कळवले आहेत.