मदत हवी आहे: चहामळ्यातल्या तमिळांनी 'वडिलांचा जन्म' किंवा सलग रहिवास सिद्ध कसा करायचा?

बारावीच्या मुलांसमोर सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) स्वातंत्र्यावर बोलायचंय आणि एका जागी अडकलोय.

४ फेब्रुवारी १९४८ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नागरिकत्व कायदा आला. स्वतःचा जन्म सिलोनमधला असून भागत नव्हतं. वडील तिथेच जन्मलेले हवेत, किंवा आजोबा आणि पणजोबा दोघंही. मळ्यांवर राबणाऱ्या लाखो भारतीय तमिळांचं नागरिकत्व त्यामुळे गेलं, पाठोपाठ मतदानाचा हक्कही. १९४७च्या निवडणुकीत सिलोन इंडियन काँग्रेसचे, म्हणजे याच भारतीय तमिळांच्या पक्षाचे, उमेदवार निवडून आले होते, हे वाचल्यावर तर फारच लागतं.

सोलबरी घटनेचं, म्हणजे स्वातंत्र्यावेळच्या राज्यघटनेचं, कलम २९(२) भेदभावाला मनाई करत होतं, तरी कायदा टिकला. त्यावरचा प्रिव्ही कौन्सिलचा (लंडनमधल्या अंतिम अपील न्यायालयाचा) १९५३चा निकाल वाचलाय. या लोकांच्या नागरिकत्वावरचा भारत-सिलोनमधला १९६४चा शास्त्री-सिरिमाओ करारही माहीत आहे, त्यामुळे पुढची हकीकत नकोय.

मला हवाय प्रत्यक्ष व्यवहार. १९४९च्या कायद्याने नोंदणी करून नागरिक होण्याची वाट ठेवली: विवाहितांना ७ वर्षांचा सलग रहिवास, इतरांना १०. पण मळ्यावरच्या लाइनीतल्या (मजुरांच्या चाळीतल्या) एका खोलीत राहणारा मजूर हे दाखवणार कशाने? मळ्याच्या हजेरीपटाने, रेशनच्या नोंदीने, की जन्मदाखल्यानेच? मध्ये भारतात जाऊन आला तर 'सलग' तुटायचं का?

तमिळ-सिंहली येत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल. अशा एखाद्या अर्जाची किंवा सुनावणीची नोंद कुठे वाचायला मिळेल?